एका गल्लीचे हक्क

टपाल खात्यातल्या सॉर्टरबाईंनी सख्ख्या भाचीला शाळेतून काढलं होतं, ही गोष्ट त्यांच्या घरात अजूनही चार माणसं जमली की निघते. 'काढलं' हा शब्द भाचीचा. बाई म्हणतात, "काढायला तू होतीस कुठे तिथे?"

झालं होतं असं की चांगली शाळा बाईंच्या गल्लीच्या तोंडाशी आणि धाकटी बहीण राहायला गावाच्या दुसऱ्या टोकाला. शाळेचा नियम, मूल दोन किलोमीटरच्या आतलं हवं. बहिणीने फॉर्मवर बाईंचा पत्ता ठोकून दिला. बाईंना सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. आठवड्याने शाळेचा कारकून चौकशीला आला. ही मुलगी इथे राहते का, त्याने विचारलं. बाई नाही म्हणाल्या, आणि वर बहिणीचा खरा पत्ता मजल्यासकट कागदावर लिहून त्याच्या हातात दिला.

बहीण दोन वर्षं बोलली नाही. भाची दोन बस बदलून लांबच्या शाळेत जात राहिली, शिकली, आणि कंपन्यांची सॉफ्टवेअर बाजारात जाण्याआधी त्यातल्या चुका शोधण्याच्या नोकरीला लागली. "बसमध्ये अभ्यास झाला म्हणून," असं बाई म्हणतात.

खोटा पत्ता म्हटलं की बाईंचं पित्त का खवळायचं, हे त्यांचं काम पाहिल्याशिवाय कळणार नाही. एकतीस वर्षं त्यांनी टपालाची वर्गवारी केली. लांबलचक हॉल, भिंतीला लाकडी कप्पे, समोर उभं राहायचं आणि डाव्या हातातल्या गठ्ठ्यातलं एकेक पाकीट उजव्या हाताने कप्प्यात टाकायचं. मिनिटाला चाळीस. नवीन माणूस पत्ता वाचतो, जुना माणूस नुसता बघतो, आणि बाई तर पाकिटाचा कोपरा दिसला तरी हात उचलायच्या. इंग्रजी त्या पाकिटांवरूनच शिकल्या. त्यामुळे पहिली काही वर्षं त्यांना इंग्रजीत रस्ते, मजले आणि माणसांची नावं तेवढी यायची, क्रियापदं नंतर आली.

शेवटची नऊ वर्षं त्यांची बदली बेवारस टपालाच्या खोलीत झाली. ज्याचा मालक सापडत नाही ते सगळं तिथे यायचं. कुणी आळसाने एक आकडा चुकवलेला, कुणी मुद्दाम भलताच पत्ता दिलेला. एकदा कुणाच्या तरी औषधांचं पुडकं तीन महिने त्यांच्या टेबलावर पडून होतं. तीन महिन्यांनी माणूस सापडला, पण त्याला औषधाची गरज उरली नव्हती. तेव्हापासून त्यांच्यासमोर "काहीतरी पत्ता टाकून द्या" असं म्हणायची सोय नाही.

पुस्तकांचा नादही त्याच खोलीतला. कागद फाटून पुडक्यातून निसटलेल्या पुस्तकांना मालक कसा सापडणार? वर्षातून एकदा खातं त्यांचा लिलाव करायचं. एका लिलावात बाईंनी एक जाडसर रहस्यकथा उचलली, मालिकेतला तिसरा भाग. थंड मुलखातलं एक बंदर, तिथल्या फेरीबोटीवर तिकिटं तपासणारी एक बाई, आणि रोजच्या त्याच त्या प्रवाशांमधून ती गुन्हेगार ओळखते. माणसाच्या चेहऱ्याकडे न बघता हातातल्या तिकिटाकडे बघते आणि ओळखते. बाईंना ती आपल्याच बिरादरीतली वाटली. पहिला भाग रद्दीच्या गाडीवर सापडला, दुसरा दुसऱ्याच देशातल्या कुठल्याशा वाचनालयाचा शिक्का घेऊन आला, सातव्यावर तर मागच्या बाजूला छापलेलं होतं की ही आवृत्ती अमुक देशांबाहेर विकू नये. तो अमुक देशांबाहेर त्यांना पदपथावर मिळाला. असे तेरा भाग जमले. चौदावा शेवटचा, असं लेखिकेने जाहीर केलं होतं.

आणि चौदाव्याची वाट बघता बघता बाईंचे डोळे गेले. म्हणजे पूर्ण नाही. डोळ्यातल्या पडद्याचा मधला भाग झिजायला लागला. दाराची चौकट कमरेत वाकल्यासारखी दिसायची, आणि ज्या शब्दाकडे बघावं नेमका तोच नाहीसा. कडेचे शब्द दिसायचे, मधला गायब. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दर महिन्याला इंजेक्शन सुरू केलं.

"वाचता किती दिवस येईल?" बाईंनी विचारलं.

"अक्षर मोठं असलं तर वर्षभर. कदाचित दीड. नंतर कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल."

"आणि चालता?"

"चालता येईल. कडेचं दिसत राहील."

"चालून जायचंय कुठे," बाई म्हणाल्या.

भाचीने वाचायचा एक टॅब आणून दिला. त्यात अक्षर अंगठ्याएवढं करता यायचं. बाईंनी पहिल्या दिवशी एक जुनी कादंबरी विकत घेऊन बघितली, ओळीत चारच शब्द मावत होते, पण चारही दिसत होते. त्या तीन तास जागच्या उठल्या नाहीत. पंधरा दिवसांनी चौदावा भाग निघाला. त्यांनी सकाळी अंघोळ करून, खुर्ची खिडकीशी ओढून, टॅबवरचं पुस्तकांचं दुकान उघडलं. पुस्तकाचं चित्र आलं. खाली एक ओळ आली, 'हे पुस्तक तुमच्या देशात विक्रीसाठी उपलब्ध नाही.'

दुसऱ्या कुणीही हे वाचून कपाळाला हात लावला असता. बाईंनी मात्र या ओळीचा अर्थ स्वतःच्या खात्याच्या रीतीने लावला. त्यांच्या मते दुकानाला पोचवायला जमत नव्हतं, म्हणजे पत्ता अपुरा. 'पत्ता अपुरा' असा शेरा त्यांनी स्वतः हजारो पाकिटांवर मारला होता. त्यांनी पत्त्याच्या रकान्यात मजला घातला. नाही. जिना डाव्या हाताचा, हे घातलं. नाही. मग पाण्याच्या टाकीमागे. मग इस्त्रीच्या दुकानासमोर. मग वर्गवारीचा जुना अंतर्गत आकडा, जो खात्याबाहेर कुणाला ठाऊक नसतो. अकराव्या खेपेला दुकानाने खातंच बंद केलं. पत्ता वारंवार बदलल्यामुळे संशयास्पद हालचाल आढळली आहे, असं कारण दिलं.

भाची संध्याकाळी आली तेव्हा बाई टॅबकडे पाठ करून बसल्या होत्या.

"मला लबाड म्हणालेत," त्या म्हणाल्या.

भाचीने सगळं वाचलं. आधी हसू दाबलं, मग ते दाबलं जाईना म्हणून पाणी प्यायला आत गेली. बाहेर येऊन म्हणाली, "मावशी, हे पुस्तक टपालाने येत नाही गं. तारेतून येतं. त्यांना तुझा जिना काय करायचाय?"

"मग पत्ता विचारला कशाला?"

"देश बघायला. तुझं कार्ड कुठल्या बँकेचं, तुझं इंटरनेट कुठल्या देशातून आलं, यावरून ते ओळखतात. मग यादीत बघतात, या देशात विकायची परवानगी आहे का. नसेल तर बटणच देत नाहीत."

"परवानगी कुणाची?"

"लेखिकेने पुस्तक लिहिलं की ते विकायचे हक्क देशादेशांचे वेगळे विकले जातात. या देशात हा प्रकाशक, त्या देशात तो. आपल्या देशाचे बहुतेक कुणी घेतले नसतील. म्हणून इथे कुणीच विकू शकत नाही."

बाई उठल्या, फळीवर हात फिरवत सातवा भाग काढला आणि भाचीच्या मांडीवर आपटला. "मागे वाच. अमुक देशांबाहेर विकू नये. हा इथे कसा आला?"

"कागदावर तेही छापतात. पण कागद कुणी पिशवीत घालून आणला, वाचून रद्दीत दिला, तर त्याला कोण अडवणार? छापलेलं पुस्तक काही हातात धरणाऱ्याचं तोंड बघत नाही. हे बघतं."

बाईंनी त्या छापील ओळीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "म्हणजे ओळ तीच. तिथे ती नुसती छापली, इथे तिला दाराशी दंडुका घेऊन उभी केली."

"तसंच समज." भाचीने टॅब ओढला. "दे इकडे. माझी मैत्रीण तिकडे राहते. तिचा पत्ता टाकते, तिच्या कार्डावर घेऊ. पाच मिनिटांचं काम."

"मी तिथे राहते का?"

"मावशी, कोण विचारतंय?"

"ते विचारतायत. रकाना केलाय त्यासाठी."

"तो रकाना यंत्र वाचतं. यंत्राशी खोटं बोललं तर पाप लागत नाही."

"तुझ्या शाळेचा कारकून यंत्र नव्हता, तेव्हाही तुझी आई हेच म्हणाली होती."

भाचीने टॅब खाली ठेवला. "बरं. मग फुकटातलं उतरवून देते. चोरून टाकलेल्या प्रती असतात."

"मी विकत घ्यायला पैसे घेऊन उभी आहे. गिऱ्हाईक मी, आणि चोरीही मीच करायची?"

"मग मी वाचून दाखवते. रोज अर्धा तास."

हे मात्र बाईंना लागलं. त्या हळू म्हणाल्या, "गोष्ट मला कुणीही सांगेल गं. मला ती वाचायची आहे. अजून येतंय तोवर."

छापील प्रत मागवायला कुणाचीच हरकत नव्हती. गावातल्या दुकानदाराने मागवली, नऊ दिवसांत आली, पोस्टमनने जिना चढून हातात दिली. समुद्र ओलांडून, दोन देशांचे शिक्के खाऊन, कुणी तिला एक शब्द विचारला नाही. तेच पुस्तक, तेच शब्द. फक्त अक्षर मुंगीएवढं. बाईंनी भिंग लावलं. पहिलं पान वाचायला पाऊण तास लागला, आणि त्यातही तिकीट तपासणारीने कुणाला अडवलं ते नाव काही केल्या दिसेना. पुस्तकात दोनशे अठ्ठ्याण्णव पानं होती. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं तेव्हा त्यांनी भिंग ठेवलं आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावरचा प्रकाशकाचा पत्ता भाचीकडून उतरवून घेतला.

पत्र त्यांनी स्वतः लिहिलं. जाड काळ्या पेनाने, पानावर पाच ओळी, अशी अकरा पानं. प्रकाशकाचं सभ्य उत्तर आलं की तुमच्या देशाचे हक्क आमच्याकडे नाहीत, लेखिकेच्या प्रतिनिधी-संस्थेला विचारावं. संस्थेचं त्याहून सभ्य उत्तर आलं की त्या देशासाठी इलेक्ट्रॉनिक आवृत्तीचे हक्क आजवर कुणी मागितलेले नाहीत, सबब दिलेले नाहीत.

"संपलं," भाची म्हणाली.

"संपलं कसं? कुणी मागितले नाहीत म्हणतायत. मी मागते."

"तू?"

"का? मी कुणी नाही का?"

भाचीला वाटलं, मावशी रागाच्या भरात बोलतेय. पण दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा पानं टेबलावर वाळत पडली होती. तिने वाचायला घेतली. 'आपण कळवलंत की माझ्या देशाचे हक्क कुणी मागितले नाहीत. तरी मी ते मागत आहे. पूर्ण देशाचे नकोत, देश मोठा आहे आणि माझे डोळे थोडे उरले आहेत. माझ्या गल्लीपुरते द्यावेत. गल्लीत एकेचाळीस घरं आणि एक इस्त्रीचं दुकान आहे. हद्दी सोबतच्या नकाशात दाखवल्या आहेत. शेजारच्या गल्लीत एकही प्रत जाऊ देणार नाही, याची हमी देते. एकतीस वर्षं कुठलंही टपाल मी भलत्या गल्लीत जाऊ दिलेलं नाही. काय पडतील ते कळवावं.'

"मावशी, ते हसतील."

"हसू देत. हसण्यासाठी आधी वाचावं लागेल ना?"

नकाशा खरोखरच जोडला होता, पाण्याच्या टाकीसकट. पोस्टमनने रजिस्टर करून घेतलं. पावती देताना तो म्हणाला, "बाई, गल्ली विकत घेताय म्हणे. आमचं घर कितीला लावलंत?"

"तुमचं घर हद्दीबाहेर आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला पुस्तक मिळणार नाही."

उत्तर यायला महिना गेला. 'आपलं पत्र आमच्या कार्यालयात सगळ्यांनी वाचलं,' अशी सुरुवात होती. पुढे होतं की गल्लीनिहाय हक्क देण्याची पद्धत नाही, आणि तुमच्या देशात या पुस्तकाच्या इलेक्ट्रॉनिक आवृत्तीला मागणी असल्याचा काही पुरावा असल्यास तो जरूर पाठवावा.

"याला आमच्या ऑफिसात 'नमस्कार, या आता' म्हणतात," भाची म्हणाली.

"पुरावा मागितलाय," बाई म्हणाल्या. "पुरावा म्हणजे पुरावा."

इंजेक्शनचा वार मंगळवार. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत तीसेक माणसं डोळ्यांत थेंब घालून, काळे चष्मे लावून, ओळीने बसलेली असायची. नर्स हाक मारेपर्यंत दोन तास कुणी कुणाशी बोलायचं नाही. त्या मंगळवारी बाई वही घेऊन पहिल्या खुर्चीपासून निघाल्या. प्रत्येकाला एकच प्रश्न, "मोठ्या अक्षरातलं एखादं पुस्तक हवं होतं आणि तुमच्या देशात नाही मिळणार म्हणाले, असं कधी झालंय?"

पहिले दोघे नाही म्हणाले. तिसरे होते एक घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून काटे बसवलेले, आणि आता भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते शेजाऱ्याला विचारायचे. त्यांनी चष्मा काढला.

"झालंय ना. चार पुस्तकांना झालं. मला वाटलं, माझ्याच हातून काहीतरी चुकतंय. म्हटलं, म्हातारपणी यंत्र जमत नाही आपल्याला."

"मुलांना सांगितलंत?"

"कशाला सांगू? आधीच म्हणतात, बाबांना काही जमत नाही."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पुस्तक न मिळण्यापेक्षा त्यांना हे जास्त झोंबलं. अडवणूक कुणी करायची आणि मान खाली घालून कुणी बसायचं? त्यांनी आवाज चढवला, अगदी नर्स डोकावेल इतका. "ऐका सगळे. पुस्तक मिळत नाही त्यात तुमची चूक काडीची नाही. त्यांनी विकायचंच ठेवलेलं नाही. कुणाकुणाला झालंय, हात वर करा. आणि हात मला दिसत नाहीत, तोंडाने बोला."

खोली हसली. मग एकेक आवाज यायला लागला. बाई इंजेक्शन नसलेल्या मंगळवारीही गेल्या, आणि चार मंगळवारांत सत्तावन्न माणसं जमली. सगळ्यांना काही तिकीट तपासणारी नको होती. तिचे वाचक निघाले नऊ, त्यातले एक घड्याळजी. कुणाला इतिहास हवा होता, कुणाला नातवाला समजावायचं गणित, एका बाईंना मधमाश्या पाळण्यावरचं पुस्तक. बाईंनी प्रत्येकाचं नाव, पुस्तक आणि पूर्ण पत्ता, मजल्यासकट, लिहून घेतला. सगळं एकाच पाकिटात कोंबणं त्यांना पटेना. प्रकाशकांप्रमाणे गठ्ठे लावले, चौदा ठिकाणी चौदा पत्रं गेली. ज्याचं टपाल त्याच्या कप्प्यात.

मग वाट बघणं आलं. डोळे मात्र वाट बघत नव्हते. डॉक्टरीणबाईंनी डावा डोळा तपासला आणि घरी वाचून दाखवणारं कुणी आहे का ते विचारलं, त्यावरून बाई काय ते समजल्या. दवाखान्यातून त्या थेट झेरॉक्सच्या दुकानात गेल्या. पिशवीतून चौदावा भाग काढला आणि काउंटरवर ठेवला.

"याची पाठ कापा. प्रत्येक पानाचे तीन तुकडे करून एकेक तुकडा मोठ्यात मोठ्या कागदावर काढा."

झेरॉक्सवाल्याने हिशेब केला. "आठशे चौऱ्याण्णव कागद होतील. आणि बाई, अख्खं पुस्तक काढायला परवानगी लागते. उद्या कुणी मला विचारलं तर?"

"पुस्तक विकत घेतलेलं आहे, पावती ही. अक्षर मोठं करून तेच विकत घ्यायला गेले तर मला हाकललं. एकच प्रत काढायची, माझ्या डोळ्यांसाठी. विचारायला आले तर माझ्याकडे पाठवा, पत्ता देऊन ठेवते."

त्याने त्यांचं तोंड बघितलं, पावती बघितली आणि पट्टी-कटर घेतला. कोरं करकरीत पुस्तक कापताना त्याचाच हात दोनदा थांबला. बाई म्हणाल्या, "चालवा. कागद आहे म्हणून कापता तरी येतोय."

त्याच दिवशी त्यांनी प्रतिनिधी-संस्थेला चार ओळी टाकल्या. 'आपल्या उत्तराची वाट बघत आहे. दरम्यान विकत घेतलेल्या छापील प्रतीची अक्षरं स्वतःपुरती मोठी करून घेतली आहेत. हरकत असल्यास खाली पूर्ण पत्ता आहे.' भाचीने हे वाचलं आणि डोकं धरलं. "चोर स्वतःच पोलिसांना चिठ्ठी पाठवतो का गं?"

"चोर नाही पाठवत," बाई म्हणाल्या. "म्हणून तर पाठवली."

कागदांचे पन्नास-पन्नासचे अठरा गठ्ठे झाले. खिडकीशी ताठ पाठीची खुर्ची, पुढे टेबल, टेबलावर उतरता फळा, त्यावर कागद, आणि बाई मान जराशी वाकडी करून, डोळ्याच्या कडेने वाचायच्या. दिवसाला दहा-बारा कागद. वाचून झालेला गठ्ठा घड्याळजी घेऊन जायचे. पुस्तक वाचून दुसऱ्याला देतात, मग गठ्ठा का नाही? पण एक गठ्ठा मागे राहणं घड्याळजींच्या स्वभावात नव्हतं. ते दिवसाआड येऊन दाराशी उभे राहायचे.

"सहावा झाला का?"

"अजून बारा कागद आहेत."

"परवा पस्तीस होते. इतक्या सावकाश वाचलं तर आपल्या दोघांचेही डोळे जातील."

"मग खुर्ची घ्या आणि गप्प बसा. तुम्ही बोललात की ओळ हरवते."

घड्याळजी बसायचे. पाच मिनिटांनी म्हणायचे, "बोटीवरचा तो स्वयंपाकी, त्यानेच केलं असणार." बाई पुढचा कागद फळ्यावर लावायच्या.

असे सोळा गठ्ठे झाले आणि उजवा डोळाही बसायला लागला. त्या मोठ्या कागदावरची अक्षरंही आता मधून पुसली जायला लागली. दिवसाला दहाचे चार झाले, चाराचे दोन. सतराव्या गठ्ठ्यात एका दुपारी त्यांनी एकच वाक्य सात वेळा वाचलं, आणि खुनी कुणाला म्हणायचं ते एक नाव तेवढं दिसेना. घड्याळजी म्हणाले, "मी बघू?" बाईंनी कागदावर तळहात ठेवला.

त्यानंतर पाचव्या दिवशी भाची ऑफिसातून मधल्या सुट्टीत आली. जिना चढून धापा टाकत होती. प्रतिनिधी-संस्थेचं पत्र तिच्या हातात होतं, पोस्टमन खाली भेटला म्हणून त्याने दिलं होतं. या एका पुस्तकाची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती तुमच्या देशात विकायला लेखिकेने मान्यता दिली आहे, मुदत दोन वर्षं. मोठ्या अक्षरांच्या कागदांबद्दल लेखिकेची हरकत नाही. बाकीच्या तेरा पत्रांपैकी दोघांची नकारघंटा आधीच आली होती, अकरांचा पत्ता नव्हता.

"दोन वर्षं? दोन वर्षांनी काय, आंबतं की काय पुस्तक?"

"मावशी, मिळालंय. तेवढं बघ की."

"मिळालं नाही. मागून घेतलंय."

भाचीने बंद पडलेलं खातं दुकानाशी भांडून आधीच उघडून ठेवलं होतं. आता तिने टॅब पुढे केला. या वेळी बटण होतं. पत्त्याच्या रकान्यात जिना, टाकी, इस्त्रीचं दुकान सगळं तसंच होतं.

"घेऊ ना? छापील एकदा घेतलंयस तू."

"घे. हवंय म्हणून इतकं भांडले आणि आता देतायत तर घेऊ नको?"

पुस्तक आलं. सतराव्या गठ्ठ्यातली ती जागा भाचीने शोधून दिली आणि अक्षर वाढवत गेली. अंगठ्याएवढं. तळहाताएवढं. शेवटी पडद्यावर दोन शब्द राहिले, काळ्यावर पांढरे. बाई म्हणाल्या, "थांब. हे." आणि भाचीला हाताने खोलीबाहेर जायला सांगितलं.

दोन-दोन शब्द करत उरलेली वीसेक पानं वाचायला त्यांना सव्वीस दिवस लागले. त्यात घड्याळजींचं येणं चालूच होतं, ते आता शेवटचे दोन गठ्ठे घेऊन गेले होते आणि पहिल्यांदाच बाईंच्या पुढे जाण्याची भीती दाखवत होते. सत्ताविसाव्या दिवशी संध्याकाळी भाची आली. बाईंनी टॅब मिटून मांडीवर ठेवला होता.

"झालं?"

"झालं."

"कसा आहे शेवट?"

"भिकार," बाई म्हणाल्या. "खुनी कोण ते ठीक. पण शेवटच्या प्रकरणात ती नोकरी सोडते आणि मुलाकडे राहायला जाते. खिडकीत बसून बोटी बघते म्हणे. तेरा भाग ज्या बाईने एक माणूस बिनतिकिटाचा जाऊ दिला नाही, ती खिडकीत बसेल?"

भाची खुर्चीत टेकली. चौदा पत्रं, सत्तावन्न माणसं, आठशे चौऱ्याण्णव कागद तिच्या डोळ्यांपुढून गेले असणार. "मावशी, एवढं सगळं करून पुस्तक भिकार निघालं?"

"निघालं. मग?" बाईंनी टेबलावर चाचपून जाड पेन शोधलं. "लेखिकेला कळवायला हवं. पण भिकार आहे हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी वाचलंय."